नंदीवेशीची पायरी

"हलगी आली नाही," तुका म्हणाला.

सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. आम्ही मैदानाच्या कडेला बसून बूट आवळत होतो. तुका आमचा गोलकीपर. त्याला गोलपोस्टात चेंडू दिसायचा नाही, पण बाकी सगळं दिसायचं.

"किसबा आजारी असंल," मी म्हणालो.

"कशाचा आजारी! सकाळी चौकात पान खात बसलावता. मी म्हटलं, किसबा, नंदीवेशीबरोबर मॅच हाय, हलगी घेऊन येणार न्हवं? तर म्हणतो, कुणासाठी वाजवू रं?"

मी पश्चिमेच्या पायऱ्यांकडे पाहिलं. कोल्हापुरात प्रत्येक पेठेला तालीम आणि प्रत्येक तालमीला फुटबॉलची टीम. पहिलवान घडवायला बांधलेल्या तालमी फुटबॉलच्या नादाला कशा लागल्या ते मला विचारू नका, पण मॅचच्या दिवशी पेठेत कुत्रंसुद्धा उरायचं नाही. आमच्या वज्रदेही तालमीची माणसं पश्चिमेला बसायची. पूर्वी तिथं तीळ ठेवायला जागा नसायची. त्या दिवशी जेवढी आली होती तेवढी एका टेम्पोत मावली असती आणि वर एक म्हैसही बसली असती. त्यांपैकी एकजण तोंडावर टॉवेल टाकून आडवा झालेला. समोर पूर्वेला नंदीवेस तालमीची माणसं. निळे झेंडे, तीन हलग्या, आणि मैदानात नऊ नंबरची निळी जर्सी घालून पंडित लोहार.

आमच्या बाजूची तिसरी पायरी मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी पाहिली. तिथं खांबाला टेकून माझे वडील बसायचे. जागा रिकामी होती.

आता या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. पण ती रिकामी जागा कशी झाली ते सांगायचं तर त्याच्याही आठ महिने मागं जायला हवं.

माझे वडील रंगराव आडूरकर. सगळी पेठ त्यांना आबा म्हणायची. आमच्या चार म्हशी होत्या. सकाळी घरोघरी रतीब, संध्याकाळी म्हशी चौकातल्या दूध कट्ट्यावर न्यायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची. आबा बोलायला कमी. पण मॅचच्या दिवशी तिसऱ्या पायरीवर उभे राहून त्यांनी "वज्रदेहीच्या नावानंऽऽ" अशी हाळी दिली, की मागून हजार माणसं "चांगभलंऽऽ" म्हणून उठायची. तीस वर्षांत त्यांची एक मॅच चुकली नव्हती. माझ्या बारशाला ते उशिरा आले होते, सेमीफायनल होती म्हणून. आई हे हसून सांगायची. मला कधी हसू आलं नाही.

पंडित आमच्याच गल्लीतला. वडील लहानपणी गेलेले, उद्यमनगरात लेथवर कामाला जायचा आणि संध्याकाळी मैदानात उतरला की बघत राहावं असा खेळायचा. आबांचा त्याच्यावर जीव. मॅचच्या आदल्या संध्याकाळी तो कट्ट्यावर यायचा. आबा थोरल्या म्हशीखाली पेला धरायचे, सरळ त्यात धार मारायचे आणि फेसानं भरलेला पेला त्याच्या हातात द्यायचे. "पी, लेका. उद्या पळायचं हाय." बाकीची गिऱ्हाइकं थांबायची. मी बाजूला म्हशीचं दावं धरून उभा असायचो. मलाही दूध मिळायचं, नाही असं नाही. घरी आई द्यायची, तापवून, साय काढून.

हेवा म्हणजे फार सभ्य शब्द झाला. माझं आतून जळायचं. मीही सेंटर फॉरवर्डच होतो, पण राखीव. पंडित असेपर्यंत राखीवच राहणार होतो. एकदा त्याला ताप आला म्हणून मला वीस मिनिटं मिळाली. एक चांगला पास आला आणि मी तो गोलाच्या हातभर वरून मारला. तिसऱ्या पायरीवरून आबांचा आवाज आला, "अरारारा! पंडित असता तर!" सगळी गॅलरी हसली. मी वळून पाहिलं तर आबाही हसत होते.

आमच्या तालमीत हंगामाच्या आधी नारळाची संध्याकाळ असायची. मारुतीसमोर सगळे खेळाडू रांगेनं बसायचे आणि अध्यक्ष भाऊसाहेब सरनाईक एकेकाच्या ओटीत प्रसाद टाकायचे. टीममध्ये असेल त्याला नारळ, राखीव असेल त्याला केळं. तीन वर्षं मी केळं खाल्लं होतं.

आणि एक नियम होता. दसऱ्यापासून हंगाम संपेपर्यंत दुसऱ्या तालमीची पायरी चढायची नाही. कुणी चढला तर तो तिकडं विकला गेला असंच धरायचं. कारण विचारायची पद्धत नव्हती. नियम फक्त खेळाडूंना नव्हता, तालमीचा कारभार बघणाऱ्या पंचांनाही होता. आबा पंच होते.

नारळाच्या संध्याकाळच्या आधी दोन दिवस मी सकाळी सहाला रतीब घालायला नंदीवेशीतून चाललो होतो. हातात किटल्या. कोपऱ्यावर आलो तर समोर नंदीवेस तालमीच्या पायऱ्या पंडित उतरत होता. एक हात भिंतीला धरून, उजवा पाय जपून टाकत. भिंतीला एक सायकल लावलेली. आमची. हँडलला आईनं दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली लाल चिंधी मला लांबूनही ओळखू आली. मग आतून आबा बाहेर आले. इकडंतिकडं पाहिलं, धोतर खोचलं, पंडितला कॅरेजवर बसवलं आणि निघाले.

मला सगळं कळलं. नंदीवेशीचे लिंगाप्पा वस्ताद गुडघ्याचे जाणकार होते. तेल लावून, ओढून, पट्टी बांधून कसलाही गुडघा जाग्यावर आणायचे. पंडितचा गुडघा दुखावला होता. भाऊसाहेबांना कळलं असतं तर नारळ गेला असता, म्हणून आबांनी त्याला चोरून आणलं होतं. पंच असून, आपली पायरी पणाला लावून. मला आबांनी सायकलवर मागं बसवून कुठं नेल्याचं काही केल्या आठवेना. किटल्या हातात घेऊन मी तिथंच उभा राहिलो आणि शोधत बसलो, एकदा तरी, शाळेत, जत्रेला. नाहीच आठवलं.

गुडघ्याचं सांगितलं असतं तर पंडित महिनाभर बाहेर बसला असता. पायरीचं सांगितलं तर कायमचा. दोन दिवस मी एवढाच विचार केला.

नारळाच्या संध्याकाळी तालीम खचाखच भरली होती. पहिला नारळ सेंटर फॉरवर्डचा. भाऊसाहेब तो घेऊन पंडितसमोर वाकले, तेवढ्यात मी बोललो.

"भाऊसाहेब, नारळ द्यायच्या आधी त्याला एक इचारा. परवा सकाळी कुणाची पायरी चढलावता?"

भाऊसाहेब सरळ उभे राहिले. म्हातारा माणूस, पण आवाज पहिलवानाचा.

"काय म्हणतोस, जया? मारुतीम्होरं बसलाईस. समजून बोल."

"समजूनच बोलतोय. नंदीवेशीच्या तालमीतनं उतरताना बघितलं. ह्या डोळ्यांनी."

"संगं कोण हुतं?"

आबा माझ्या डाव्या बाजूला, भिंतीशी, पंचांच्या ओळीत बसले होते. मी तिकडं पाहिलं नाही.

"कोण न्हवतं. एकटाच हुता."

"पंडित," भाऊसाहेब म्हणाले, "गेलतास?"

"गेलतो."

"कशाला?"

पंडितनं आबांकडं पाहिलं. त्यानं नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही, फक्त पाहिलं. दोनशे माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती आणि तो आबांकडं. आता मात्र मलाही मान वळवावी लागली. आबांनी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली. त्यांनी तोंड मिटलं, डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

"कशाला न्हाई," पंडित म्हणाला. "असंच गेलतो."

नारळ माझ्या ओटीत पडला. पंडित उठला, मारुतीच्या पाया पडला, आणि जाता जाता आबांच्याही पायांना हात लावायला वाकला. आबांनी पाय मागं घेतले.

त्या रात्री आबा न जेवताच गोठ्यात गेले. मी अंथरुणावर पडून विचार केला, म्हणजे एवढंच होतं तर! एवढा जीव, एवढे पेले, आणि वेळ आली तेव्हा स्वतःचं पंचपद प्यारं. पंडितच्या वाट्याला काय आलं, तर माझ्या वाट्याला जे आलं होतं तेच. मला बरं वाटलं. नारळ उशाशी घेऊन झोपलो होतो.

आठवड्यात नंदीवेशीनं पंडितला वाजतगाजत नेलं. झालं, मी खोटं बोललो असं कुणाला वाटायची सोयच राहिली नाही. पहिल्या मॅचला आमची गॅलरी चिडून, भरभरून आली. आबा आले नाहीत.

"म्हस व्यायला झालीय," ते म्हणाले.

म्हैस व्यायला महिना होता.

तिसऱ्या पायरीवरून हाळी कोण देणार, यावरनं तिथं दोघांत जुंपली. शेवटी एकानं दिली. मागून "चांगभलं" आलं, पण जेवताना वाढणाऱ्याला "पुरे" म्हणावं तसं. पुढच्या मॅचला म्हैस व्याली होती म्हणून आबा आले नाहीत, त्याच्या पुढच्या मॅचला रेडकू आजारी. मग ते कारण सांगायचेही थांबले. कपडे करून मी निघायचो तेव्हा ते पेंड भिजवत असायचे. मान वर करायचे नाहीत.

आबा येत नाहीत म्हटल्यावर एकेक माणूस गळायला लागला. कुणाचे पाहुणे आले, कुणाला टीव्हीवर क्रिकेट बघायचं होतं. आणि मग पंडितच्या गुडघ्याची पट्टी सगळ्यांना दिसायला लागली. लिंगाप्पानं बांधलेली, गुडघ्याला आडवी उभी, लांबूनही कळणारी. पानाच्या दुकानावर लोक हळूच म्हणायला लागले, "पोरगं गुडघ्यासाठी गेलं असंल रं. आपण इचारलंबी न्हाई." भाऊसाहेबांनी खड्डा भरायला मिरजेहून दोन खेळाडू आणले. चांगले होते बिचारे. पण लोकांना त्यांची नावं ठाऊक नव्हती. चुकले तर शिवी द्यायची ती तरी कुणाच्या नावानं? किसबा म्हणायचा, "आपलं पोरगं आपण घालवलं, आता भाड्याच्या बैलाम्होरं वाजवू व्हय?" माझं नाव कुणी घेत नव्हतं. वाईट म्हणून नाही आणि चांगलं म्हणूनही नाही.

मला काय हवं होतं ते इतकं साधं होतं. नऊ नंबरची जर्सी अंगात, आबा तिसऱ्या पायरीवर, आणि मी गोल मारलेला त्यांनी बघायचा. एकदाच. जर्सी मिळाली होती. हंगामात मी सहा गोल मारले, ते आबांनी दुसऱ्या दिवशी रतीबाच्या गिऱ्हाइकांकडून ऐकले.

तर त्या दिवशी, शेवटच्या मॅचला, नंदीवेशीसमोर, मी सातवा मारला. मिरजेच्या पोरानं कोपऱ्यातून चेंडू उचलला आणि मी दोघांच्या डोक्यावरून उडी मारून हेडर घातला. तसा गोल मी आयुष्यात परत मारला नाही. सवयीनं म्हणा, वेडानं म्हणा, मी दोन्ही हात वर करून पश्चिमेच्या पायऱ्यांकडं धावत सुटलो. अगदी कुंपणाच्या जाळीपर्यंत. तिथं चार टाळ्या वाजल्या. आडव्या पडलेल्या माणसानं तोंडावरचा टॉवेल बाजूला केला आणि विचारलं, "कुणी मारला?"

आम्ही एक-शून्यनं जिंकलो. पंडितनं दोनदा बारला मारला. मॅच सुटल्यावर तो लंगडत माझ्याकडं आला. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल, गचांडी धरेल. मी तयारच होतो.

"भारी मारलास," तो म्हणाला. मग गुडघ्याची पट्टी सारखी करत, "आबा बरं हाईत न्हवं? दिसलं न्हाईत."

मी जिंकलो होतो, गोल माझा होता, आणि याला आबा हवे होते. सगळं जळून परत वर आलं.

"बरं हाईत," मी म्हणालो. "तुझं नावबी काढत न्हाईत."

"बराबर हाय," पंडित म्हणाला, आणि मान हलवून गेला.

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. आबा गोठ्यात थोरल्या म्हशीखाली बसून धार काढत होते. मी जर्सी न बदलताच दारात उभा राहिलो.

"जिंकलो, आबा."

"ऐकलं."

"गोल मी मारला. हेडर."

"बरं झालं."

धार बादलीत वाजत राहिली. माझा तोल गेला.

"तुम्ही का येत न्हाईसा? सगळी पेठ तुमच्यामुळं यायची बंद झाली. पंडित आपल्याकडं असता तर आला असता न्हवं? तालमीसाठी तीस वर्सं गेलासा, आणि माझ्यासाठी एक दिवस—"

"त्या दिवशी सायकल बघितलीस न्हवं तू?"

आबांनी धार थांबवली नाही. त्यांचं डोकं म्हशीच्या कुशीला टेकलेलं होतं.

"मी बघितलं तुला," ते म्हणाले. "कोपऱ्यावर किटल्या घेऊन हुबा हुतास. मला वाटलं, घरी आल्यावर इचारशील. इचारलं न्हाईस."

"मग तालमीत का बोलला न्हाईसा?" माझा आवाज चढला. खरं तर मी भ्यालो होतो. "पंचपद जाईल म्हणून भ्यालासा!"

आता त्यांनी हात थांबवले.

"पंचपद?" ते म्हणाले. "अरं, ते काय जाळायचंय? 'मीच नेलतं त्याला' म्हटलं असतं, तर मला तालमीबाहेर काढलं असतं. काढू दे की. पर मग सगळ्यांनी तुझ्याकडं बघितलं असतं. रंगरावचं पोरगं मारुतीम्होरं खोटं बोललं. आपल्या बापाला समोर बसवून खोटं बोललं. ह्या पेठेत तू परत मान वर करून चालला असतास व्हय? तुला कुणी पोरगी दिली असती?"

मी जर्सीवरचा चिखल खरवडायला लागलो.

"ते पोरगं माझ्याकडं बघत हुतं, जया. एक शब्द टाकायचा हुता मला. त्यालाबी ठावं हुतं, मलाबी ठावं हुतं. एकच वाचणार हुता. तू माझ्या पोटचा. म्हणून मी त्याला बुडवला. आता तिथं पायरीवर हुबं ऱ्हाऊन चांगभलं म्हणायचं, ते कुठल्या तोंडानं म्हणू?"

ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. डोळे ओले होते, ते त्यांनी खांद्याला पुसले.

मला त्या वेळी काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. ते नंतर वाटलं. आठवड्यानं वाटलं, वर्षानं वाटलं, आबा गेले तेव्हा पंडित पहिला खांदा द्यायला आला तेव्हा तर मला जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. अजूनही मी स्टेडियमच्या रस्त्यानं जात नाही, लांबून वळसा घेतो. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी गोठ्याच्या दारात उभा असताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. पंडित आणि मी, दोघं त्यांच्यासमोर होतो, आणि दोघांतून त्यांनी मला निवडलं होतं.

आबांनी बादली उचलली, उठले आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. पाहतच राहिले.

"हसतोयस व्हय रं?" ते म्हणाले.

मी हसत होतो.